चार पिस्टनांवरचा आकडा

बाबा, आज दुपारी एक जण गाडी घेऊन आला. वेगाची हौस असलेला माणूस. इंजिन पार झिजलेलं, मागून निळा धूर. नवीन इंजिन टाकू की हेच उघडून बांधू, असं त्यानं विचारलं आणि मी अगदी तुमच्यासारखं म्हणालो, "आधी खोलू, मंग बोलू." बोललो खरा, पण तेव्हापासून कामात लक्ष नाही.

मालकांची ती लाल गाडी तुम्ही विसरला नसाल. आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता आणि तुम्ही नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री होता. मालकांनी कुठल्याशा संस्थानिकाची जुनी शर्यतीची गाडी आणली होती. स्टेशनातून मेल सुटली की तिच्याबरोबर निघायचं आणि तिच्या आधी मलकापूरचं फाटक गाठायचं, हा त्यांचा शौक. दोन हंगामांत इंजिनानं मान टाकली. मुंबईहून दुसरं मागवायचं की हेच बांधायचं, हा निकाल त्यांनी तुमच्यावर सोपवला. तुमच्या हाताखाली आम्ही दोघं होतो. मी तुमचा पोटचा, आणि तो मेहकरकडून काम शिकायला आलेला, माझ्याच वयाचा. जेवायला आपल्याच चुलीपुढं बसायचा. तुम्ही बुक्कीनं कांदा फोडायचात आणि अर्धा त्याच्या भाकरीवर ठेवायचात. मला हवा का, असं कधी विचारलं नाहीत. कांदाच तो, पण माझ्या पोटात अजून दुखतं.

स्वतःचं मत सांगण्याआधी तुम्ही आम्हा दोघांना विचारायचात. त्या दिवशी मी छाती काढून सांगितलं, नवं इंजिन घ्या. "काऊन?" तुम्ही विचारलं. झिजलंय, मी म्हणालो. "झिजलं ते मलेई दिसते. किती झिजलं?" मी मोजलंच नव्हतं. त्यानं काय केलं? पिस्टनची एक रिंग सिलिंडरात सरकवली आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत पातळ पत्ती घालून वर किती, खाली किती ते पाहिलं. मग म्हणाला, "सिलिंडर आतून कोरून, बोअर मारून मोठे पिस्टन टाकले तं चालते, मिस्त्री. पन आधी पिस्टनच्या डोक्यावरची काजळी काढून पाहा. पह्यले कोनी बोअर मारलं असन तं तिथं वाढीव मापाचा आकडा ठोकेल असते. आकडा निंघाला तं सिलिंडरची भित पातळ झाली समजा. मंग याले हात नोका लावू, नवंच मागवा." तुम्ही हसलात आणि माझ्याकडं वळून म्हणालात, "आइक बे. याले म्हनते मिस्त्री." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घर की मुर्गी दाल बराबर! वर पुन्हा काजळी काढायचं काम माझ्याकडंच आलं.

पहिल्याच पिस्टनवर आकडा निघाला. स्वच्छ ठोकलेला. म्हणजे नवंच इंजिन लागणार होतं, मी म्हणालो होतो तेच. धावत यायला हवं होतं की नाही? पण मी बोललो होतो अंदाजानं आणि तो कारणानं. आकडा दाखवला असता तर शाबासकी पुन्हा त्याच्याच पाठीवर पडली असती. मी पॉलिश पेपर घेतला आणि आकडा जाईपर्यंत घासला. मग उरलेले तिन्ही. हात भरून आले तरी थांबलो नाही. "दिसलं काई?" तुम्ही आतून विचारलंत. "काई नाई, बाबा."

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही जिनिंगच्या लेथवर स्वतः बोअर मारलं आणि मुंबईहून मोठे पिस्टन आले. मालकांनी मेलशी शर्यत लावली आणि वडनेर भोलजीजवळ सिलिंडरची भिंत फाटून इंजिन थंड ठेवायचं पाणी आत शिरलं. बैल जुंपून ती गाडी नांदुऱ्यात आणली, लोक दुतर्फा उभे. मालक जिनिंगच्या अंगणात सगळ्यांदेखत कडाडले. तो चूक अंगावर घ्यायला पुढं व्हायला लागला तर तुम्ही त्याचा दंड धरून मागं ओढलंत. "मालक, फैसला माहा होता. पोराचा नाई." मी तिथंच उभा होतो, बाबा. तेव्हाही मला लाज वाटली नाही. मनात एकच आलं, माझ्यासाठी तुम्ही असे आडवे आला असता का?

दुसऱ्या दिवशी तो मेहकरला निघून गेला. तुम्ही तुमचा माप घ्यायचा कॅलिपर त्याला दिलात आणि पुन्हा मोटारीला हात लावला नाहीत.

आजारपणात शेवटी शेवटी तुम्ही छताकडं पाहून म्हणालात, "त्यानं बराबर पाह्यलं होतं रे. मंग चुकलं कुठी? मले काई समजूनच नाई राह्यलं." तेव्हा सांगता आलं असतं. तुम्ही मला माफ केलं असतं, याची मला खात्री होती. पण त्याच श्वासात तुम्ही म्हणाला असता, त्याले बलाव. तो आला असता, उशाशी बसला असता, आणि शेवटी तुमचा हात त्याच्या हातात गेला असता. मी तुम्हाला चमच्यानं पाणी पाजलं.

तो अजून आहे मेहकरात. म्हातारा झाला असेल, माझ्याइतकाच. हे पत्र खरं तर त्याच्या नावानं जायला हवं. तो चुकला नव्हता, हे ऐकायचा हक्क आता त्याचाच. पण तो वाचेल आणि त्याला कळेल की शेवटपर्यंत तुम्ही त्याच्याच बाजूनं होता. ते मात्र मी त्याला कळू देणार नाही, बाबा. अजून नाही.