काळा राहिलेला कोळसा

अनसिंग, पौष वद्य पंचमी, संध्याकाळ

बारसं होईपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही. मुलगी झाली, मी अजून तिला पाहिलेलं नाही. माझं काम एवढंच: अंगणात मातीची शेगडी पेटवायची, कोळसे पांढरे झाले की उंबऱ्याशी ठेवायची. आज एक काळा राहिला. घाई कसली होती? बाळंतिणीजवळ असलेली आत्या शेगडी परत घेऊन आली.

"हे काय आणून ठेवलं, मास्तर? लेकरू खोकलून राह्यलं ना!"

धूर जावा म्हणून तिनं दार उघडंच टाकलं. बाजेवर लेक दिसली. कपाळ माझ्या आईचं.

"तिकडं काय पाहून राह्यला? कोयशाकडं पाह्य!"

तो एक काळा कोळसा. विंझणा घेतला आणि फुलवायला लावता येईल तितका वेळ लावला.