कोंबड्याविरुद्ध प्रार्थना

सान होआकिन, इक्वादोर
९ फेब्रुवारी १९५८

ती. ताईस,
धाकट्या फेनाचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

इकडे सगळे बरे आहोत. विट्सेने परवा ट्रान्समीटरचा पुन्हा शॉक खाल्ला, पण नवऱ्याची मला आता काळजी वाटत नाही. भुवया तेवढ्या जळतात, त्या उगवतात. तुमच्या महिला मंडळाचं खोकं मिळालं. एकदा वापरून वाळवलेल्या चहाच्या पुड्यांबद्दल सगळ्यांचे आभार मान. बाबा म्हणाले की या पुड्यांतून चहा होत नाही, चहाची आठवण होते. हे मात्र कुणाला वाचून दाखवू नकोस.

आता मुख्य मुद्दा. आई गेल्यावर बाबा तुझ्याकडे दोन वर्षं नुसते खुर्चीत बसून होते. इकडे येऊन ते पुन्हा माणसात आले ते आमच्या मिशनच्या रेडिओमुळे. रोज सकाळी सहाला, हॉलंडात बारा वाजतात तेव्हा, पंधरा मिनिटं त्यांचा डच भाषेतला ‘सकाळचा पाठ’ लागतो. आदल्या दिवशी टेपवर भरून ठेवा म्हटलं तर म्हणतात, शिळा उपदेश मी कुणाला वाढणार नाही. आणि आता केंद्राचे प्रमुख काल्डरसाहेब यांनी नियम काढलाय की ज्या कार्यक्रमाला जूनअखेर पन्नास पत्रं येणार नाहीत तो बंद. बाबांना अजून हे सांगितलेलं नाही. सांगू तरी कसं? माईक गेला तर ते पुन्हा खुर्चीत बसतील, आणि या खेपेला उठायचे नाहीत.

गेल्या वर्षभरात त्यांना चार पत्रं आली. त्यातल्या तीन पत्रांवर आयोवाचा शिक्का आहे. तुमच्याकडे शॉर्टवेव्हचा रेडिओ नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, ताई. चौथं सुरिनाममधल्या एका गृहस्थांचं. ते लिहितात की कोंबडा सतत आरवतो, त्यामुळे उपदेश कळत नाही.

तो कोंबडा आमच्या स्वयंपाकीण सोइलाबाईंचा. नाव कापितान. स्टुडिओ म्हणजे जुनी कोठाराची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. त्याच खिडकीखाली तो राहतो आणि बाबांनी घसा साफ केला की सुरू होतो. तीनदा लांब सोडून आलो, तीनदा परत आला. सोइलाबाईंपुढे त्याच्याविरुद्ध ब्र काढायची सोय नाही, लगेच रस्सा अळणी होतो. तेव्हा मंडळात प्रार्थनेची विनंती टाक.

दाजींना सलाम. लोभ आहेच, तो अंतरामुळे आटू देऊ नकोस.
तुझी फेना

~

वेस्टरफील्ड, आयोवा
२ मार्च १९५८

चि. फेनास,
थोरलीचा सलाम आणि अ. आ.

तुझं पत्र बुधवारी मंडळात वाचलं. माझं तोंड डोळ्यांच्या पुढे धावतं हे तुला माहीत आहे. चहाचं वाक्य वाचून झाल्यावर कळलं की ते वाचायचं नव्हतं. पुढच्या खोक्यात पुड्या येणार नाहीत, तुम्ही सुटलात.

विनंती मात्र मंडळाच्या प्रार्थनेच्या फळ्यावर लागली. नीलबाईंचे गुडघे आणि देवळाचं गळकं छप्पर यांच्यामध्ये अध्यक्षीण बौमाबाईंनी स्वतः ठळक अक्षरांत लिहिलं: कोंबडा गप्प व्हावा. आता चौदा बायका रोज सकाळी गुडघ्यांवर बसून तुमच्या कोंबड्याच्या मागे लागल्या आहेत. तुझे दाजी विचारतात की कोंबड्याचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं का. मी लक्ष देत नाही.

फळ्याचा नियम तू विसरली नसशील. एकदा लिहिलेली विनंती उत्तर मिळाल्याशिवाय पुसायची नाही. बौमाबाईंच्या हेंड्रिकचं लग्न ठरावं ही १९४९ सालची विनंती अजून तिथेच आहे आणि हेंड्रिक अजून माडीवर त्याच्या रेडिओची बटणं पिळत बसलेला आहे.

शिवाय बौमाबाई म्हणतात की मान ताणता आली नाही तर कोंबड्याला आरवता येत नाही. म्हणून त्यांनी त्याच्यासाठी लोकरीचा घट्ट गळपट्टा विणलाय, लाल रंगाचा. सोबत पाठवते.

त्या तीन पत्रांची मला मुळीच लाज वाटत नाही. उपदेश ऐकला असं मी कुठेही लिहिलेलं नाही. हा उपदेशक फार चांगला आहे एवढंच लिहिलं, आणि ते मला चाळीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. डाव्या हाताने लिहिलेल्या पत्राखालचा ‘एक वृद्ध शेतकरी’ तर इतका जमला की मलाच त्याची दया आली. बाबांना कळू देऊ नकोस.

विट्सेरावांना म्हणावं, भुवया सांभाळा. माया आहे तशीच ठेव.
तुझी ताई, अलीडा

~

सान होआकिन
४ मे १९५८

ती. ताईस सलाम. वि. वि.

हे पत्र मिळताच कोंबड्याची प्रार्थना थांबवा. चपला नंतर घाल, आधी बौमाबाईंकडे जा.

झालं असं. गुड फ्रायडेला बाबा येशूला नाकारणाऱ्या पेत्राची गोष्ट वाचत होते. पेत्राने तिसऱ्यांदा सांगितलं की मी त्या माणसाला ओळखत नाही, आणि बाबांनी ‘तेवढ्यात कोंबडा आरवला’ हे पुढचं वाक्य वाचायच्या आत कापितानने खिडकीखालून अशी बांग दिली की काचा थरथरल्या. बाबा थांबले. मग शांतपणे म्हणाले की श्रोतेहो, पुढचं वाक्य वाचायची आता गरज उरली नाही.

पंधरा दिवसांनी पत्रं यायला लागली. आजपर्यंत एकतीस. फ्रीसलंडच्या एका बाईंच्या कोंबड्या रेडिओभोवती गोळा होतात. एका जहाजावरचा आचारी विचारतो की कोंबड्याला पगार किती. सुरिनामच्या त्याच गृहस्थांनी माफी मागून लिहिलंय की सोमवारी कोंबडा जरा बसका वाटला, तब्येत बरी आहे ना. काल्डरसाहेबांनी जिन्यात विट्सेच्या पाठीवर थाप मारली. पन्नासला एकोणीस कमी, आणि अजून दोन महिने हातात.

बाबा पत्रं जेवताना मोठ्याने वाचतात आणि रुसतात. पाळक म्हणून केलेल्या बेचाळीस वर्षांच्या सेवेत त्यांना इतकी पत्रं आली नाहीत, आणि आता आली ती कोंबड्याला. पण रुसतात तेसुद्धा दोनदा वाढून घेऊन, म्हणून मी काही बोलत नाही.

गळपट्टा सोइलाबाईंनी उचलून चुलीत टाकायला नेला होता, बाबांनी मागून घेतला. घाईत आहे, पण प्रेमात काटकसर नाही.
तुझी फेना

~

वेस्टरफील्ड
१८ मे १९५८

चि. फेनास सलाम आणि अ. आ.

चपला न घालताच गेले होते. उपयोग झाला नाही.

बौमाबाई म्हणतात, फळ्यावरचं पुसायचं ते उत्तर मिळाल्यावर. मागणाऱ्याचा विचार बदलला हे काही उत्तर नव्हे. उद्या नीलबाई म्हणतील गुडघे दुखलेलेच बरे. मी मतदान मागितलं, सात विरुद्ध सात. नियम राहिला. त्यामुळे सात जणी कोंबडा गप्प व्हावा म्हणून प्रार्थना करतात, आणि आम्ही सात जणी त्याच टेबलाभोवती, जरा हळू आवाजात, तो आरवत राहावा म्हणून. देवाला काय वाटत असेल कोण जाणे. मला तर भीतीच वाटते, कारण बौमाबाईंचा आवाज मोठा आहे.

दुसरी बातमी. आपल्या चर्चचे पाळक राइपमासाहेब ठरल्याप्रमाणे मिशनच्या दौऱ्यावर निघाले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे पोचतील. माणूस खाण्याचा शौकीन आहे. परत येऊन ते वेदीवरून काय सांगतात त्यावर मंडळीचा उत्साह अवलंबून असतो, तेव्हा जेवणात हात आखडू नका. सोइलाबाईंना सांग की फार मोठा पाहुणा येतोय.

इथे बरं आहे. तुमच्या आठवणीला उणं पडू देत नाही.
तुझी ताई

~

सान होआकिन
१५ जून १९५८

ती. ताईस सलाम. वि. वि.

सोइलाबाईंना सांगितलं मी. तू म्हणालीस तसंच, की फार मोठा पाहुणा येतोय.

तुला इथली रीत माहीत नाही, पण मला दहा वर्षांत कळायला हवी होती. मोठ्या पाहुण्याला इथे घरातला सगळ्यात लाडका पक्षी वाढतात, दुसरा वाढणं म्हणजे अपमान. ९ जूनला दुपारी राइपमासाहेबांनी रस्स्याचे तीन वाडगे रिचवले आणि म्हणाले की इतकी चव त्यांनी जन्मात चाखली नव्हती. तेव्हा सोइलाबाई दारात उभ्या राहून रडत होत्या. साहेबांना वाटलं, कौतुकाने.

मला कळलं तेव्हा मी चमचा खाली ठेवला. विट्सेने ठेवला नाही, तो उपाशी होता.

पत्रं त्रेचाळीस झाली होती, सात कमी. त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगून टाकलं, पन्नासचा नियमही. सांगतानाच मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सहाला ते माईकसमोर बसले. घसा साफ केला. सवयीने थांबले. खिडकीखाली काही नाही. विट्से काचेमागून खुणा करत होता की बोला, बोला. आणि मग बाबा उभे राहिले, कोटाची बटणं लावली, मान वर केली आणि स्वतः आरवले. एकदाच, पण पूर्ण. मग बसले आणि स्तोत्र वाचायला लागले. विट्से म्हणतो, यंत्राचा काटा इतका उजवीकडे त्याने कधी पाहिला नव्हता.

जेवताना मी विचारलं की ही फसवणूक नाही का. म्हणाले, मी कोंबडा आहे असं मी कुठे म्हटलं. ताई, हा स्वभाव तुझ्यात कुठून आला ते मला त्या दिवशी कळलं. पण त्यांना झोप लागेना. आज रविवारी त्यांनी पाठाच्या शेवटी सगळं कबूल केलं: कापितान रस्स्यात गेला, तो सन्मानाने गेला, आणि मंगळवारपासूनचा आवाज एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या पाळकाचा आहे. आता काय होतंय ते बघायचं.

जीव थाऱ्यावर नाही. तुझी माया तेवढी असू दे.
फेना

~

वेस्टरफील्ड
२९ जून १९५८

चि. फेनास सलाम आणि अ. आ.

राइपमासाहेब परत आले आणि वेदीवरून पाऊण तास बोलले, त्यातला अर्धा तास रस्सा. तुझं पत्र आल्यावर मी ते बुधवारी वाचून दाखवलं. बौमाबाई उठल्या, ओलं फडकं घेतलं आणि ‘कोंबडा गप्प व्हावा’ पुसून टाकलं. म्हणाल्या, उत्तर मिळालं. मग खुर्चीत बसून तोंडावर हात घेऊन हमसून रडल्या. मी इतकी वर्षं त्यांना ओळखते, पण हे पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी पहाटे आम्ही चौदाही जणी त्यांच्या माडीवर जमलो. हेंड्रिकचा रेडिओ शॉर्टवेव्हचा निघाला. नऊ वर्षं आम्ही त्याचं लग्न मागत होतो, तो काय ऐकतो हे कुणी विचारलं नाही. खूप खरखर झाली, मग बाबांचा घसा साफ झाला आणि ते आरवले.

फेने, तुला आठवणार नाही, तू पाळण्यात होतीस. ते मला शाळेसाठी असेच उठवायचे. जिन्याखाली उभे राहून, कोटाची बटणं लावून. आई स्वयंपाकघरातून ओरडायची की पाळकाला शोभत नाही. त्यानंतर तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी बौमाबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले आणि त्यांनी ठेवू दिलं.

चौदा जणींनी तिथेच पत्रं लिहिली, या वेळी खरोखर ऐकून. मी उजव्या हाताने लिहिलं. वेळेत पोचतील ना?

बाबांना जप.
तुझी ताई

~

सान होआकिन
२० जुलै १९५८

चि. अलीडास,
बाबांचा सलाम व अ. आ.

फेनाने तुझं पत्र मला दिलं, म्हणून उत्तर मी लिहितो. तुमची चौदा पत्रं तीन जुलैला आली. मुदत संपली होती, काल्डरसाहेबांनी मोजली नाहीत. त्यांची गरजही पडली नाही. तीस जूनला एकसष्ट झाली होती. बहुतेकांनी लिहिलंय की नवा कोंबडा जुन्याइतका नाही, पण उपदेश आता ऐकू येतो.

सोइलाबाईंनी एक पिल्लू आणलंय. ते अजून चिवचिवतं. ते मोठं होईपर्यंत मला काम आहे, आणि सकाळी इथे गारठा असतो, तेव्हा बौमाबाईंना सांग की लाल गळपट्टा माझ्या मनगटाला बरोबर बसतो, पण गळ्यासाठी एक मोठा विणावा.

गेल्या वर्षीची तुझी तीन पत्रं मी मोजायला दिली नव्हती. ती माझ्या बायबलात आहेत. तुला लिहायला मीच शिकवलं, पोरी. तू कोणत्याही हाताने लिहिलंस तरी मला कळतं. कोंबड्याचं नाव व्हायच्या आधी, समोर कुणीच नाही असं वाटायचं तेव्हा, मी रोज सकाळी त्या डाव्या हाताच्या शेतकऱ्यासाठीच बोलत होतो.

त्याला माझा सलाम सांग. लोभ त्यानेही ठेवावा.
तुझे बाबा