डेकची तपासणी

३ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
डेक काल सुरू झाला. चौकाखाली मेट्रोचं भुयारी स्टेशन खोदणं चालू आहे, म्हणून वर्षभर चौक बंदच होता. आता त्या खड्ड्यावर लोखंडी गर्डर टाकून वर काँक्रीटचे स्लॅब मांडलेत. वर ट्रॅफिक, खाली खोदकाम. बोर्डावर 'तात्पुरता रस्ता' असं स्वच्छ लिहिलंय. तात्पुरता हा शब्द मला खटकला.
मी सिंचन खात्यात चौतीस वर्षं ट्रेसर होतो. हजारो नकाशे या हातून गेले. तेव्हा आधी तपासणी, मग वापर.

सायंकाळी ६
स्कूटर घेऊन गेलो. दुसऱ्या स्लॅबवर चाक चढताच धडक् असा आवाज. दोन स्लॅबमध्ये बोटभर फट. फटीतून खाली लाइट दिसले आणि पिवळ्या हेल्मेटचा एक माणूस, बोराएवढा. टेक्निकल कारणास्तव परत फिरलो. मागच्यांनी फार हॉर्न वाजवले. या शहरात शिस्त नाही.

५ नोव्हेंबर
काटोलहून भाऊचा फोन. रुपरावभाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. हृदयाच्या तीन नळ्या बंद निघाल्या. इथे धंतोलीत बायपास करायचं ठरलंय, दहा तारखेला भरती. वहिनी गेल्याला चार वर्षं झाली, मुलगा पियूष दुबईत, त्याला तेवीस तारखेच्या आधी सुट्टी नाही. भाऊ म्हणे, बाब्या, तू हाय न तिथं. मी म्हटलं, मी आहे, तू निश्चिंत राहा.
हॉस्पिटल चौकाच्या पलीकडे. डेकवरून पायी दहा मिनिटं.
संकल्प: रोज दोन फेऱ्या. सकाळी चहा, संध्याकाळी डबा. डॉक्टरांशी स्वतः बोलायचं.

६ नोव्हेंबर
ट्रायल म्हणून पायी गेलो. डेकच्या तोंडाशी वीस मिनिटं निरीक्षण केलं. सिटी बस गेली की पायाखाली थरथर जाणवते. मी अजून डेकवर नसतानाही जाणवते, हे नोंदवण्यासारखं आहे. परत आलो.

८ नोव्हेंबर
साइटवर रितिका नावाची इंजिनियर आहे. लोड टेस्टचा रिपोर्ट मागितला. तिने सांगितलं, काका, रोज चाळीस टनांचा डंपर जातो यावरून, तुमचं वजन किती. मी म्हटलं, प्रश्न माझ्या वजनाचा नाही, प्रोसिजरचा आहे. ती म्हणाली, चला, मी सोबत येते, दोन मिनिटं लागतील. तिला कामात अडवणं बरं दिसेना, म्हणून नको म्हटलं. मुलगी हुशार आहे, पण अनुभव कमी.
ठेकेदाराच्या ऑफिसला दोन पानी पत्र लिहायला घेतलं.

१० नोव्हेंबर
भाऊ भरती झाला. आमची ही, शामला, गेली होती. ती दोनदा डेकवरून आली-गेली. कसा वाटला विचारलं तर म्हणाली, कोण, भाऊजी की डेक.
भाऊने पिशवीभर संत्री पाठवली. त्याने विचारलं म्हणे, बाब्या काहून नाही आला. हिने सांगितलं, ते पत्र लिहून राहिले. मला ते आवडलं नाही. खरं असलं तरी सांगायची एक पद्धत असते.

११ नोव्हेंबर
अजनीकडून फिरून गेलो. पाऊण तास लागला. भेटायची वेळ पाच ते सहा, मी सहा वाजून बारा मिनिटांनी पोचलो. वॉचमनने सोडलं नाही. तो सावनेरचा निघाला. नियम म्हणजे नियम, म्हणाला. अशा माणसांमुळेच देश चाललाय. रागावलो नाही.
संकल्प: उद्या चारलाच निघायचं.

१२ नोव्हेंबर
चारला निघायचं होतं. साडेतीनला ठेकेदाराचं उत्तर आलं: 'आपली सूचना नोंदवून घेण्यात आली आहे.' म्हणजे मुद्द्यात दम आहे. लगेच दुसरं पत्र लिहायला बसलो. ते होईतो सहा वाजले.
भाऊचा फोन आला. उद्या साडेआठला आत नेतात, त्याआधी ये गा. मी म्हटलं, सातलाच हजर असतो.

१३ नोव्हेंबर, दुपारी २
ऑपरेशन नीट झालं. हे मुख्य.
बाकी नोंदीसाठी: साडेसहाला घरून निघालो. आज डेकवरूनच जायचं नक्की केलं होतं. एक पाय ठेवला. तेवढ्यात समोरून टँकर आला. त्याला जाऊ दिलं. मग स्कूल बस. मग एकामागोमाग बरंच काही. ट्रॅफिक मार्शलने विचारलं, काका, पत्ता शोधून राहिले का. मी हो म्हटलं. सव्वासात वाजले. मग अजनीचा रस्ता धरला, तिथे जाम. नऊ वाजता पोचलो.
भाऊला वेळेवर आत नेलं होतं. फॉर्मवर नातेवाईक म्हणून सही शामलाची. स्ट्रेचरवरून तो दरवाजाकडे पाहत होता, असं ती म्हणाली. स्ट्रेचरवर माणूस दुसरं कुठे पाहणार.

१५ नोव्हेंबर
आयसीयूत एकालाच सोडतात. शामला ओळखीची झालीय, तिलाच पाठवलं. इन्फेक्शनचा प्रश्न असतो. मला परवा शिंक आली होती.

१७ नोव्हेंबर
भाऊ वॉर्डात आला. दुपारी त्याचा फोन. आवाज बारीक झालाय. इकडचं-तिकडचं बोलला, यंदाचा बहार कसा आहे, मळ्यात माकडं किती येतात. मग म्हणाला, मले मालूम हाय बाब्या, तू काहून येत नाही. लहानपणी विहिरीवरच्या फळीवरून जायची तुले भेव वाटे. मीच हात धरून नेत होतो न तुले. आता तू येऊ नको, मी बरा झालो का मीच येतो त्या डेकवर. हात धरून नेतो तुले इकडून तिकडं.
भाऊचा पूर्ण गैरसमज झालाय. विहिरीचा इथे काही संबंध नाही. तिथे लाकडी फळी होती, इथे गर्डर आहेत. समजावून सांगणार होतो, पण त्याला खोकला आला आणि फोन शामलाने घेतला.
आज जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

१८ नोव्हेंबर
अजनीकडून गेलो. वेळेत पोचलो. पाच ते सहा पूर्ण एक तास. पण भाऊ झोपलेला होता, ताप होता. उठवलं नाही. खुर्चीवर बसून राहिलो. त्याचे पाय सुजले होते. शेजारच्या पेशंटच्या बायकोने विचारलं, तुम्ही यांचे कोण. भाऊ म्हटलं. ती म्हणाली, अरे वा, मी तर त्या ताईंनाच बहीण समजत होती.
निघताना त्याच्या पायावर चादर नीट केली. उद्या तो जागा असेल तेव्हा येऊ असं ठरवलं.

२० नोव्हेंबर
ताप उतरत नाही. काल परत आयसीयूत नेलं. टाक्यांत पस झालाय. शामला तिथेच आहे. मी घर सांभाळतो आहे. कोणीतरी घरी असावं लागतं.

२१ नोव्हेंबर, सकाळी ११.२०
शामलाचा फोन. आत्ता या. फिरून येऊ नका, सरळ या.
निघतो.

सायंकाळी ५
चौकापर्यंत धावत गेलो. डेकच्या तोंडाशी थांबलो. समोर रस्ता अगदी रिकामा होता. गाडी नाही, टँकर नाही, काही नाही. हॉस्पिटलचा बोर्डसुद्धा तिथून दिसतो. किती वेळ उभा होतो लिहीत नाही. रितिका आली, काका काय झालं म्हणाली. मी सांगितलं, काही नाही, तपासतो आहे.
मग अजनीकडून ऑटो केला.
भाऊ बारा वाजून दहा मिनिटांनी गेला. मी पोचलो तेव्हा एक वाजायला पाच मिनिटं होती. शामला बाहेरच्या बाकावर बसली होती. पियूषला दुबईला फोन मी केला. त्याने विचारलं, काका, तुम्ही होते न जवळ. मी म्हटलं, हो.
हे एवढं कोणाला सांगायचं नाही.

२२ नोव्हेंबर, काटोल
सकाळी आठला अॅम्ब्युलन्स निघाली. शामला पुढे, मी मागे भाऊजवळ. ड्रायव्हरला म्हटलं, अजनीकडून घ्या. तो म्हणाला, काका, काटोल उलट्या बाजूले हाय, अजनीले जाऊन काय करता. डेक सुरू झाला आता, मस्त रस्ता हाय.
मी डोळे मिटले. एका हाताने स्ट्रेचरचा दांडा धरला, दुसऱ्याने भाऊचा हात, चादरीवरूनच. आवाजाची वाट पाहत बसलो. एकदा गाडी थांबली, पुन्हा निघाली. मी मनात आकडे मोजले. दोनशे झाले, चारशे झाले. धडक् काही होईना. शेवटी डोळे न उघडताच विचारलं, डेक आला का.
ड्रायव्हर म्हणाला, डेक केव्हाच गेला न काका. काटोल नाकाबी मागं पडला.
डोळे उघडले. बाहेर शेतं सुरू झाली होती.