समुद्राच्या पोटातला सुरमा

बुलढाणा
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय धम्मरत्नदादा,

सप्रेम जयभीम. मी ठीक आहे. कॉलेजात परीक्षा सुरू आहेत. वहिनीची पाठ आता बरी आहे ना? सारिकाला माझा पापा.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुला आणखी चमकणारे दगड हवेत, असा निरोप आईने दिला. तुझ्या दुकानात शोभेला म्हणून मी कॉलेजच्या सहलीत राजस्थानच्या खाणीतून पिशवीभर आणून दिले होते. ते कुटून तू सुरमा करून विकतोस, हे परवा दुसरबीडच्या बाजारात कळलं. डबीवर छापलंय, 'समुद्राच्या पोटात पिकलेला दगड.' हे माझे शब्द, दादा! वाचून किळस आली.

मीच तुला सांगितलं होतं की, आपल्या काळ्या खडकातला हा दगड नव्हे. जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडकात गरम, खारट पाणी झिरपतं, वाटेतलं शिसं-जस्त सोबत आणतं आणि पोकळीत गंधक भेटलं की तिथेच सोडून देतं. त्यापुढचं तेवढं तू छापलं नाहीस. 'हे शिसं आहे, हात लावलास तर हात धू.'

दुसरबीडच्या ज्या रुखमाबाईंनी तुझी डबी घेतली, त्यांचा नातू शिवम तीन वर्षांचा आहे. त्याचं पोट दुखतं, जेवत नाही. तपासणीत रक्तात शिसं निघालं. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा तो रडत होता, गालांवर काळे ओघळ. डोळे चोळायचा आणि तीच बोटं तोंडात घालायचा. गरम, खारट पाणी अजून तेच काम करतंय.

हात धुवायचं सांगितलेलं तू विसरला असशील, असं मी बसमध्ये स्वतःला समजावत होते. देऊळगावला उतरून तुझ्या घरी आले, तू नव्हतास. आधी आईला विचारलं, सारिकाला हे लावलंस का?

"नाही व माय, त्यानं मले हातच लावू देल्ला नाही. आपल्या पोरीले लावू नको म्हने, ते इकाले हाय."

पोरीची किती काळजी, म्हणून ती कौतुकाने सांगत होती. तुझ्या घरचं पाणीही न पिता निघाले.

आज इथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात डबी आणि लेखी तक्रार दिली. विकणाऱ्याचं नाव विचारलं, सांगितलं. नातं विचारलं, तेही सांगितलं. ते लोक येतीलच. त्याआधी ज्यांना ज्यांना डब्या विकल्यास त्यांच्या दारात जा आणि आईला जे सांगितलंस तेच सांग, आपल्या पोरांना लावू नका.

'तुझी' असं लिहायला हात धजत नाही.

सारिकाची आणि शिवमचीही आत्या,
महामाया