आय कम

३ मार्च

मोठ्या बाईंनी शाळा सुटल्यावर बोलावलं. वाटलं, पुन्हा खडूवरून बोलणी. (मी लिहिता लिहिता खडू मोडते. सवय आहे, काय करू!) पण त्यांनी कागद पुढे सरकवला. तीन वर्षांचा करार. महिनाअखेर हो की नाही सांगायचं.

तीन वर्षं! मी औषधाच्या गोळ्यांचा कोर्ससुद्धा कधी पुरा केलेला नाही. कॉलेज अर्धं, टायपिंगचा क्लास अर्धा, पोहणं तर अर्ध्या तलावातच सोडलं. आणि इथे म्हणे मी 'कायम' होणार.

विचार करायचा म्हणून पायी निघाले. वाटेत सायकलच्या दुकानात एक तांबडी सायकल दिसली. मग विचार सायकलचाच केला. केळी आणायची राहिली.

५ मार्च

घरी फोन. दादाला करार सांगितला. म्हणाला, तीन वर्षं 'धिस इज अ पेन' म्हणत बसणार? पेनसुद्धा कंटाळेल गं. त्याच्या प्लायवूडच्या दुकानात माझ्यासाठी खुर्ची घेणार आहे — फिरती. म्हणजे मला आणखी फिरायला नको!

आईने जेवलीस का विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. करारावर अवाक्षर नाही.

दादाचं अगदीच खोटं नाही. मी काही ठरवून मास्तरीण झाले नाही. भटकत या परक्या मुलखात आले, जिथे मराठी कुणालाच येत नाही, आणि शाळेच्या दारावर पाटी दिसली — इंग्रजी शिकवणारं माणूस हवं. मी माणूस होते, एवढं खरं.

९ मार्च

जुन्या सरांना विचारलं. हे आमच्याच शाळेत इंग्रजी शिकवतात. तरुणपणी एका उन्हाळ्यापुरते आले होते, आता केस पांढरे झालेत. खोलीत कपाटावर अजून ती आल्या दिवसाची बॅग. तिच्यावर धूळ आणि धुळीवर पंख्याचा खोका.

या कामात जन्म काढावा असं काही आहे का, असं विचारलं. म्हणाले, दरवर्षी वर्ग पुढे जातो आणि आपण पुन्हा पहिल्या धड्यावर. मग चहा ढवळत — "पण पहिला धडा आता मला फार छान येतो."

थट्टा होती की उत्तर? निघताना त्या बॅगेकडे दोनदा वळून बघितलं.

१२ मार्च

शोभा झाली!

मोठ्या बाई संध्याकाळच्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. हा मोठ्या माणसांचा वर्ग. सगळं सुरळीत. मी खडूही मोडला नाही. तास संपला, एकेक जण उठला आणि दारातून जाताना गोड हसून म्हणाला, "आय कम." ट्रकवाला आय कम. दातांचे डॉक्टर आय कम. शिंपीणकाकू आय कम.

बाईंनी विचारलं, हे कुठल्या धड्यात आहे?

मला आधी कळेचना. मग लख्ख प्रकाश पडला. अगं बाई, ही मीच! रोज पिशवी खांद्याला अडकवून दारात मी हेच म्हणते. आपलं 'येते'. मला न विचारता इंग्रजीत जाऊन बसलं! आईने लहानपणी 'जाते' कधी म्हणूच दिलं नाही. म्हटलं की फाटकातून परत बोलवायची, पाटावर बसवायची, येते म्हणवून घ्यायची, मगच शाळा.

बाईंना सगळं समजावलं.

"म्हणजे पगार आम्ही इंग्रजीचा दिला," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही शिकवलंत मराठी."

१६ मार्च

दुरुस्ती केली. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'आय ॲम गोइंग' लिहिलं. प्रत्येकाला दारातून बाहेर काढलं, पुन्हा आत घेतलं, पुन्हा काढलं. ट्रकवाला म्हणाला, एवढी ने-आण तर मी मालाची पण करत नाही. मीही सगळ्यांबरोबर म्हणत होते — गोइंग, गोइंग. घरी येतानाही जिभेवर तेच.

फक्त शिंपीणकाकू म्हणाल्या नाहीत. मागे थांबल्या.

शिवणकाम करतात म्हणून शिंपीणकाकू हे मी ठेवलेलं नाव. साठी उलटलीय. इंग्रजी शब्द सुईत दोरा ओवल्यासारखा म्हणतात, एक डोळा मिटून. मुलगा दूर देशात, सून तिकडची, नातीला इंग्रजीशिवाय काही येत नाही. दर रविवारी फोन. त्या फोनसाठी हा सगळा खटाटोप.

त्यांचं बोलणं मला अर्धं कळतं, उरलेलं हातवाऱ्यांनी. पण आजचं कळलं. दर रविवारी फोन ठेवताना त्या शिकवल्याप्रमाणे म्हणायच्या, आय कम. पलीकडून सून विचारायची, व्हेन? हा शब्द अजून झालेला नाही, म्हणून काकू म्हणायच्या, येस, येस.

तिकडे खोलीला रंग लागलाय. नातीने निवडलाय. तिकीट येतंय!

म्हटलं, मीच फोन करते, चूक झाली म्हणून सांगते. काकूंनी बाहीला राहिलेल्या टाचण्या काढून पिशवीतल्या टाचण्यांच्या उशीला टोचल्या. मग सांगितलं, इतकी वर्षं त्या कुणी बोलवेल म्हणून थांबल्या होत्या, आणि मुलाला वाटत होतं आईला यायचंच नाही.

"कसली चूक?" त्या म्हणाल्या. "तू शिकवलंस, मी म्हणाले, त्यांनी ऐकलं. आता मला त्या व्हेनचं उत्तर शिकव."

२३ मार्च

काकूंना रोज वेगळं शिकवतेय. महिने, वार, विमानतळ. मी टेबलामागे बसून खडूस अधिकारी होते. विचारलं, किती दिवस राहणार? त्या म्हणाल्या, सून सांगेल तितके. म्हटलं, नापास. मग म्हणाल्या, सून कंटाळेल तोवर. हे मात्र पास केलं.

जुने सर म्हणाले, खिडकीत मांजर येऊन बसलं होतं, तीन पिल्लं घेऊन. मला दिसलंच नाही. मला! मांजर!

३१ मार्च

नाही म्हणून सांगितलं.

काल दादाचा फोन, खुर्ची आली, प्लास्टिक अजून काढलेलं नाही म्हणाला. आणि डोळ्यांसमोर सारखी ती कपाटावरची बॅग. उद्या माझ्या बॅगेवर कुणी पंख्याचा खोका ठेवला तर?

बाईंनी करार घडी करून खणात ठेवला. नवं सत्र सुरू होईपर्यंत तो फाडणार नाहीत. कागद फाडायचा कंटाळा येतो म्हणाल्या.

शेवटचा तास. दारात उभी राहून अगदी शुद्ध म्हटलं, आय ॲम गोइंग. मग काकू एक डोळा मिटून म्हणाल्या, "चूक, टीचर."

११ एप्रिल

घरी येऊन आठवडा झाला. खुर्ची उत्तम फिरते. जात कुठेच नाही.

१२ एप्रिल

दादा म्हणतो, गिऱ्हाईक प्लाय मागायला आलं की मी त्याला आधी पूर्ण वाक्यात बोलायला लावते. काहीतरीच! एकदाच लावलं.

१५ एप्रिल

सकाळी दुकानात निघाले. चपला घालता घालता आईला म्हणाले, "जाते गं."

तोंडातून गेल्यावर कळलं. आई ओल्या हातांनी बाहेर आली. वाटलं, आता पाटावर बसवणार.

बसवलं नाही. पदराला हात पुसले. मग म्हणाली, "तिकीट कधीचं आहे?"

म्हटलं, काढलेलं नाही.

"मग काढ," आई म्हणाली. "आणि त्या दिवशी तरी येते म्हण."