न फळणाऱ्या फणसाची नोंद

पुलिक्कुन्नु,
मकर महिना, शुक्रवार संध्याकाळ

आदरणीय सुकुमारन भावोजी यांस धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे दामोदरन मास्तरचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. (एरवी एका हातानं करतो. आज दोन्ही का, ते पुढे कळेलच.)

इकडे सर्व ठीक. तुमची साखर कशी आहे? पायसम बंद केलंय असं ताई कळवते आणि चोरून चालू आहे असंही तीच कळवते. तिच्या गुडघ्याला तेल लावताय ना? नव्या घराचा गिलावा झाला, आता फक्त पुढच्या दारासाठी विषूच्या सणानंतरचा मुहूर्त अडलाय, हे वाचून आनंद झाला. दाराबद्दलच लिहायचंय. पण आधी जरा बसा, पाणी प्या. पत्र ताईला मोठ्यानं वाचून दाखवा, फक्त शेवटचं पान सोडून.

तर ओणमला तुमच्या ओसरीवर बसून, पानावरचं शेवटचं पायसम बोटानं चाटत मी छाती पुढे काढून म्हणालो होतो, भावोजी, दाराला लाकूड आमच्या शाळेतल्या फणसाचं, काळजी सोडा. शाळा चालवणाऱ्या आमच्या मॅनेजरसाहेबांना शाळेच्या बससाठी शेड बांधायची होती आणि फणस नेमका आडवा येत होता. तोडायचा तर एका जबाबदार शिक्षकाचा दाखला हवा होता. जबाबदार शिक्षक कोण, तर मी. दिलं लिहून : 'सदर झाड आतून पोकळ असून कित्येक वर्षं फळत नाही.' झाडाकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. (फणस बुंध्यालाच लागतो, मान वर करायचीही गरज नव्हती, हे मागाहून लक्षात आलं.)

नेमका त्याच सुमारास तो झाडं बघण्याचा उपक्रम आला. गावोगावच्या शाळांनी एकेक झाड निवडायचं, दर शुक्रवारी त्याची पालवी, फुलं, फळं मोजायची आणि नोंद शास्त्रज्ञांकडे पाठवायची. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून हे मल्याळम शिकवणाऱ्या माझ्या गळ्यात पडलं. त्यात वर सूचना अशी की प्रश्न पोरांनी काढायचे, उत्तरं पोरांनीच शोधायची, मास्तरांनी मध्ये तोंड घालायचं नाही. अहो, एकतीस वर्षं मी प्रश्न विचारले आणि पोरांनी माना खाली घातल्या. आता माझीच मान खाली जायची वेळ आली. सातवीतली रिफा, नारळ उतरवणाऱ्या मोइदूची लेक, मूठभर पोर, पण बोलायला लागली की वकील परवडला. अख्ख्या आवारात तिनं झाड कोणतं निवडावं? तोच फणस!

पहिल्याच शुक्रवारी तिनं वहीत लिहिलं, कोवळ्या कुयऱ्या, म्हणजे बाळफणस, अकरा. म्हटलं, अगं बाई, हे झाड फळत नाही, सरकारी कागदावर आहे तसं. आणि खोडरबर घेऊन अकरा पुसून शून्य लिहिलं. तिनं वही माझ्या हातातून ओढून घेतली. 'सर, रबर नाही! चुकलं तर एक रेघ मारायची. खालचं दिसलं पाहिजे.' आणि माझ्या शून्यावर रेघ मारून पुन्हा अकरा लिहिले. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर रेघ मारणारी ही पहिलीच.

पुढच्या शुक्रवारी मात्र कुयऱ्या चारच निघाल्या. मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा नव्या आल्या, पुन्हा गेल्या. पोरं इरेला पेटली. खार नेते म्हणावं तर खाली कुरतडलेलं काही नाही. माकडं म्हणावीत तर या पंचक्रोशीत माकड नाही (मॅनेजरांचा धाकटा सोडून). मग त्यांनी प्रत्येक कुयरीला नंबर घालून काथ्याचा दोरा बांधला आणि रोज सकाळी नऊला आणि शाळा सुटताना मोजणी सुरू केली. तीन आठवड्यांनी निष्कर्ष निघाला : कुयऱ्या फक्त गुरुवारी जातात, सकाळी नऊच्या आत, आणि देठ सुरीनं कापलेला असतो.

तो गुरुवार मी जन्मात विसरणार नाही. आम्ही मास्तर लोक जेवायला बसलोय, मी तिसऱ्यांदा भाजी वाढून घेतोय, आणि दारात वही घेऊन रिफा. 'सर, आज भाजी कसली?' मी आपला गाफील. म्हटलं, 'कोवळ्या फणसाची गं, दर गुरुवारी असते, आमच्या कार्त्यायनीच्या हाताला काय चव आहे!' बोललो आणि हातातला घास परत ताटात ठेवला. (कार्त्यायनी म्हणजे आमची स्वयंपाकीण. गेल्या वर्षी समारंभाला आला होतात तेव्हा तिची हीच भाजी तुम्ही तीनदा मागून घेतली होती आणि ताई दोन दिवस तुमच्याशी बोलली नव्हती, तीच.)

कार्त्यायनीला विचारलं तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'हो, मीच काढते. लागतात म्हणून काढते. फळत नाही असं कुठल्या आंधळ्यानं लिहिलं?' सगळी शाळा माझ्याकडे बघायला लागली. ती स्वयंपाकाला आल्यापासून सहा वर्षं मी ते झाड खात होतो, भावोजी! रिफानं मात्र वेगळाच मुद्दा काढला : 'आमच्या ताटात का नाही?' त्यावर समेट असा झाला की सात कुयऱ्या पिकेपर्यंत ठेवायच्या, बाकीच्यांची भाजी सगळ्यांना. आणि कार्त्यायनीनं बजावलं, या झाडाला कुऱ्हाड लागली तर ती चूल पेटवणार नाही. भाजीसाठी एवढा जीव असलेली बाई मी पाहिली नाही.

खरं सांगतो, लाज वाटली. पण त्याहून जास्त आनंद झाला. माझ्या वर्गात पोरांनी आजवर माझंच म्हणणं मला परत लिहून दिलं, मी त्याला मार्क दिले. या पोरांनी मला खोटं पाडलं आणि पुरावा ठेवला. मी दाखला परत मागवला, माझ्या वाक्यावर एक रेघ मारली (खालचं दिसतंय) आणि वर लिहिलं : 'झाड फळतं. मी खाल्लेलं आहे.' तीन नंबरचा फणस आता रिफाच्या डोक्याएवढा झालाय.

घरातल्या सर्वांना नमस्कार.

आपला,
दामोदरन

ता. क. १ : मूळ मुद्दा राहिलाच. मॅनेजरसाहेब म्हणतात, दाखला गेला तरी ओणमनंतर तुम्ही पाठवलेला, लाकडासाठीचा तुमच्या सहीचा अर्ज त्यांच्याकडे आहे. तुम्ही उद्याच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी दहा वाजता सभेत येऊन, माजी विद्यार्थी म्हणून, 'मला लाकूड नको' एवढं म्हणालात तर ते शेड विहिरीकडे सरकवतील. नाहीतर सोमवारी करवत येते. तोवर दाराला पत्रा लावा, वारा छान येतो.

ता. क. २ (हे ताईसाठी नाही) : पोरांचा नवा प्रश्न असा की झाड दरवर्षी वाढतं, मग खोडावर कोरलेली नावं वर का जात नाहीत? मागच्या अंगाला, सातवीतल्या मुलाच्या छातीएवढ्या उंचीवर, दोन नावं आहेत. अक्षरं आता रुंदावलीत, तुमच्यासारखीच, पण वाचता येतात. पहिलं 'सुकु'. दुसरं चांगलं लांबलचक 'कार्त्यायनी', न चुकता पुरं कोरलेलं. ती तुमच्या वर्गात होती हे कधी बोलला नाहीत! पोरं त्या सभेत माजी विद्यार्थ्यांना विचारणार आहेत. तुमच्या संसाराच्या काळजीनं मी काल शाळा सुटल्यावर चाकू घेऊन ती नावं खरवडायला गेलो होतो. मागे वही घेऊन रिफा उभी. म्हणाली, 'सर, रबर नाही म्हटलं होतं ना?'