आपोआप वाढ

३ मार्च, सोमवार
पोहोचलो एकदाचा! इस्पितळाच्या तळघरात कॉम्प्युटरची खोली, आत गारेगार. काम म्हणजे निव्वळ मजा. पेशंटच्या नोंदी ज्या फाईलीत साठतात ती भरत आली की दिवा लाल होतो, मग बटण दाबून तिला जागा वाढवून द्यायची. ऑपरेटर काका म्हणाले, भुकेलं पोर आहे ते, मागेल तेव्हा वाढायचं, पण पातेल्यात बघून. आईला फोन केला. म्हणाली, सातवी नापासाला खुर्ची मिळाली, आता बूड टेकवून बस म्हणजे झालं.

६ मार्च, गुरुवार
पायाला भिंगरी असलेल्या माणसानं दिव्याकडे किती बघायचं? काका जेवायला गेले. मशीन त्यांच्याच नावानं उघडं होतं. एक रकाना सापडला: ‘आपोआप वाढ’. केली खूण. किती? दहा टक्के. दहा तर दहा! मर्यादा? आई म्हणतेच, या कार्ट्याला कसली मर्यादा! ‘नाही’ दाबलं आणि पुलापर्यंत फिरून आलो.

१२ मार्च, बुधवार
दहा टक्के म्हणजे दहा नव्हे. पोट मोठं तसा घासही मोठा, हे मला कुठलं ठाऊक? फाईलीनं अख्खी डिस्क गिळली. दुपारी दोन तास एकही नोंद साठली नाही. पाच नंबर वॉर्डातल्या आजींना एक औषध सोसत नाही, ही नोंदही राहिली. पुढच्या पाळीच्या नर्सनं नेमकं तेच दिलं. आजी गेल्या.

खूण काकांच्या नावावर निघाली. साहेबांनी त्यांना काढलं. डबा उचलता उचलता काका मला म्हणाले, वेळेवर जेवत जा रे.

मी गप्प.

१३ मार्च
आपोआप वाढ बंद केली. तरी फाईल वाढतेय. उघडून पाहिली. आजींच्या पानावर, आजच्या तारखेला: ‘भूक लागली. वाढ.’

१५ मार्च
नर्स म्हणते, खाट रिकामी आहे, तुला भास होतात. ओळ पुसली. परत आली. खाली आणखी एक: ‘पोरगा आजही बोलला नाही.’ जागा मी देत नाही, मग ही — कुठून घेते?

१७ मार्च
जेवतो, अंगी लागत नाही. पट्ट्याला काल एक भोक पाडलं. आज दोन. बोटं बारीक — बटणावर धड टेकत नाहीत. रोज थोडं. रोज दहा —

१८ मार्च
बूट पायातून गळतात. आवाज फुटत नाही. साहेबांना हातानं बोलावलं. समोर उभे आहेत, विचारतायत काय झालं. वहीतच लिहून दाखवतो — साहेब, काकांचा दोष नाही, ती खूण मी—